दुसरा कारभारी

कन्नडला जाणाऱ्या एसटीत चित्रकलेचे अतुल सर बसले होते. त्यांचा तास बंद करून गणिताला द्यायचा, असं आजच्या पालकसभेत ठरणार होतं. तेवढ्यात त्या मागणीचे म्होरके कारभारीच, आपल्या गावच्या धोंडिबा तात्यांसोबत, मागच्या सीटवर येऊन टेकले. सरांनी तोंड खिडकीकडं फिरवलं.

“कारभारी, आज त्या मास्तरला झाडनार म्हनं तू.”

“तेच ठरलं व्हतं. शाळेत रंग नाय, कागद नाय, म्हनून ह्यो पोरांना म्हनला, ज्यानं त्यानं आपल्या रानात बुजगावनं करा. आमच्या सोनियानं माझाच जुना सदरा पळवला.”

“मग?”

“मला पुढं उभं केलं अन् निरखत बसली. म्हनली, आबा, तुमचा डावा खांदा लई खाली झुकतो. काठी बी तशीच तिरपी बांधली.”

“जमलं का पन?”

“तिची माय भाकर घेऊन आली. बांधावरून हाका मारून दमली. मग तिथूनच शिव्या हासडल्या, कानात बोळे घातले का म्हनून.”

“तुला?”

“मला कुठं? मी तिच्या मागं, विहिरीपाशी. बुजगावन्याला.”

“आन् पाखरं?”

“फिरकत नाय.”

“मग सभेत काय बोलनार?”

“तास बंद करा म्हननाऱ्यानं आधी माझ्या रानात यावं. बांधावरून सांगावं, दोघांत कारभारी कोनता.”

“अन् चुकला तर?”

“चुकनारच की, तात्या. तिथं माझी बायको चुकली.”