बहिणीच्या लग्नाची रजा

इंग्रजी जास्त झालं की काय होते, ते माझ्याकडून ऐका. मी सौंसरच्या शाळेत मास्तर, अन् तेव्हा रोज दहा कठीण इंग्रजी शब्द पाठ करून राहिलो होतो. तेवढ्यात बहिणीचं लग्न निघालं. म्हटलं, रजेच्या अर्जातच ते शब्द वापरून पाहू. पानभर अर्ज लिहिला. 'बहीण' अन् 'लग्न' हे सोपे शब्द मुद्दाम टाळले.

हेडमास्तरांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "जा, घर सांभाळा."

मले वाटलं, लय चांगला माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावी, रामाकोन्याले, घरच्या अंगणात हळद चालू होती, अन् अख्खा स्टाफ पांढऱ्या कपड्यांत, मान खाली घालून दारात उभा. शाळेत दोन मिनिटांचं मौन पाळूनच निघाले होते.

हळदीच्या हातानंच मी विचारलं, "सर, कोण गेलं?"

"आमाले काय माहीत? अर्जातलं काहीच समजलं नाही."

"मग विचारायचं नं!"

"हेडमास्तर असून विचारू?" ते मांडवाकडे पाहत म्हणाले, "अन् मास्तर, आनंदात एवढं कठीण कोण लिहिते?"