नदीत लावलेली पाटी

२०२३च्या उन्हाळ्यात धुळ्याच्या स्टँडवर, गावोगावच्या बाजारांत बसणाऱ्या बांगडीवाल्या साबेराबी बसची वाट बघत होत्या. मागच्या बाकावर उषाअक्का शेजारी बसलेल्या गावच्या सरपंचावर, प्रकाशवर, भडकल्या होत्या.

"पूर आला तर गावानं जमायची जागा म्हणून नदीतच पाटी लावली?"

"तहसीलचे साहेब बाजारच्या दिवशी आले, अक्का. कोरड्या पात्रात भरलेला बाजार बघून म्हणाले, एवढं मोठं मैदान गावात दुसरं नाही."

"आन् तू मुंडी हलवली! उन्हाळ्यात नदी कोरडी शे म्हनीसन बाजार भरस तठे!"

"साहेबांना कसं तोडून बोलायचं?"

"मंग पुरात साहेबालेच बोलाव जमाले!"

"आता लागली ना पाटी."

"मीच उपटसू!"

अक्कांनी ती उपटली. प्रकाशने पोलिसात तक्रार दिली. भादव्यात पूर आला, तेव्हा तोही गावाबरोबर टेकडीवर पळाला. साबेराबी अजून नदीतल्या त्याच बाजारात बांगड्या विकतात. अक्का कोर्टाच्या तारखांना जातात.