काठोकाठ पियाला

—नाही हो सोबिरा-खाला, अपमान कसला! मी सासूबाईंचा अपमान करीन? चहा ओतला, एवढंच. जरा जास्त ओतला. म्हणजे—काठापर्यंत ओतला. हो, ठाऊक आहे, आपल्या कोकंद गावात शेंबड्या पोरालाही कळतं—मानाच्या माणसाला तळाशी दोन घोट, संपले की पुन्हा दोन घोट, आणि ज्याला घालवायचंय त्याला काठोकाठ. मला कळत नाही होय? पण हात, खाला, हात पोलंडात बिघडला. रोटी घ्या ना, गरम आहे.

तिकडे चहा म्हणजे बादलीएवढा कप, त्यात दोरीला बांधलेली पुडी—बुडवायची, हलवायची, मेलेल्या उंदरासारखी शेपटीला धरून बाहेर काढायची. आणि मी, रसायनशास्त्र शिकलेली शहाणी, गेल्या गेल्या घरमालकिणीला व्याख्यान दिलं—बाई, हिरवा चहा किटलीतून पियाल्यात, पियाल्यातून परत किटलीत, असा तीनदा फिरवल्याशिवाय रंग धरत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझा कप काठोकाठ भरला. मी उठले, कोट चढवला! म्हटलं, हाकललं आपल्याला. ती बिचारी बिस्किटांची बशी घेऊन जिन्यापर्यंत मागे धावली. हसा, हसा. पुढे मीही तशीच झाले. हे कारखान्यात, मी खिडकीत. दोन-दोन घोट ओतायला समोर कुणी बसलेलं नको का? आपणच आपल्याला ओतायचं आणि आपणच आभाराचं 'रहमत' म्हणायचं—केलंय मी तेही, कुणाला सांगू नका. शेवटी कंटाळून कप भरून टाकायला लागले. तर तीच सवय. दुसरं काही नाही.

त्या दिवशी सासूबाई आल्या, बाळाला उचललं आणि म्हणाल्या, "पोरगं हलकं लागतंय गं. दूध पुरतंय ना?" बस, एवढंच. मायेनंच म्हणाल्या. मी चहा आणायला आत गेले—आता मला आधीच तीच धास्ती, झोपलेल्या बाळाच्या नाकाखाली बोट धरून बसते, आंघोळीच्या पाण्यात आधी कोपर, मग मनगट, मग पुन्हा कोपर, तोवर पाणी गार—आणि ह्या म्हणतात, हलकं! पियाला भरत होता तो मला दिसतच होता... म्हणजे, दिसत नव्हता. वाफ होती ना. बरं, दिसत होता! अर्ध्यावर थांबता आलं असतं. नाही थांबले. झालं समाधान? तोंडानं बोलायची छाती नव्हती, किटलीनं बोलले. आणि त्यांनी काय करावं—सगळा पियाला गरम-गरम रिकामा केला, 'पुरे' म्हणून पालथासुद्धा नाही घातला, नीट ठेवला, शाल सावरली आणि गेल्या. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि उद्या बाळाला पाळण्यात घालायचंय. माझ्या आईनं पाळणा पाठवलाय, गल्लीतल्या सगळ्या बायका येणार, पुलावाची कढई आलीये—आणि बाळाला आत ठेवायला आजीच नाही? फोन उचलत नाहीत. यांना पाठवलं, तर हे तिथे पोटभर जेवून आले. म्हणे, "विषयच निघाला नाही." मी स्वतः गेले असते, खाला, पाय धरले असते—पण बाळंतिणीनं चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही, आणि हा दंडक मला कुणी घातलाय? त्यांनीच!

म्हणजे मी त्यांचं ऐकते बरं का. हेही सांगा त्यांना. आणि सांगा की... नको, ते नको. —सांगाच. सांगा, मी बाळाला वीसदा उचलून बघते आणि मला काही कळत नाही. कधी दगडासारखं वाटतं, कधी पिसासारखं. त्यांनी एकदा पुन्हा हातात घ्यावं. हलकं म्हणाल्या तर हलकं. मी तोंड नाही पाडणार. पाडलं तरी चहा अर्धाच ओतीन, त्या बसतील तोवर ओतत राहीन, शंभरदा उठीन.

संपला तुमचा? द्या इकडे पियाला. हं... आता नीट बघा. अजून. अजून थोडा. सांडू दे हो, दस्तरखान धुता येतो. धरा. आज हात पोलंडचा नाही, कोकंदचाच आहे. सासूबाईंच्या दारासमोरच राहता ना तुम्ही? मग बघत काय बसलात, खाला—प्या आणि उठा!