गोदूच्या कॉम्प्युटरची पट्टी

...आणि वर मलाच विचारतात, "काका, कुठली रॅम हवी?" अहो, ते मला माहीत असतं तर दुकानात कशाला आलो असतो, घरी बसून सुपारी सोलली नसती? तुम्हाला सांगतो, नागावात चार पिढ्यांची वाडी आमची, नारळ नुसता कानाशी हलवून आत पाणी किती ते सांगेन, पण ही दोन बोटं रुंद हिरवी पट्टी... तिने या माधवला आठ दिवस अलिबाग ते रेवदंडा असं काही नाचवलं की विचारू नका.

आता कॉम्प्युटर माझा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बायकोचा, गोदूचा. गोदू रेवदंड्याच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवत होती. पुस्तक समोर असल्याशिवाय बाईच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि निवृत्त झाली तशी दोन वर्षांत काचबिंदूने डोळे नेले. नेमके तिचेच. माझे शाबूत, आणि मी वाचतो काय, तर लाइटचं बिल. तेव्हा आमच्या सलिलने, मुलाने, कॉलेजातला आपला जुना कॉम्प्युटर घरी आणला, त्यात वाचणारा प्रोग्रॅम घातला. एक मंडळ पुस्तकं टाईप करून पाठवतं, आणि कॉम्प्युटरमधली बाई ती मोठ्याने वाचते. गोदूने तिचं नाव ठेवलंय कोकिळा. आवाज एस्टी स्टँडवरच्या घोषणेसारखा, पण नाव कोकिळा! दुपारचा चहा झाला की कोकिळा वाचते, गोदू ऐकते आणि मी शेजारी सुपारी सोलतो. ऐकायला बसत नाही हो मी, काम असतं माझं. पण कानावर पडतं, त्याला काय कान काढून खुंटीला लावू?

तर एक रहस्यकथा चालू होती. दिवाणजी कंदील घेऊन विहिरीपाशी येतो, मागून कोणीतरी त्याला नावाने हाक मारतं... आणि कोकिळा गप्प. बंद केला, चालू केला, तर तीन लांब शिट्ट्या आणि पुन्हा शुकशुकाट. सलिलला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, रॅम गेली असणार, मेमरीची पट्टी. टाकून द्या ते खोकं, नवीन पाठवतो." गोदूने विचारलं, "नव्यात कोकिळा येईल का रे?" "नाही येणार, आई." तो प्रोग्रॅम नव्या मशीनवर चढत नाही आणि बनवणारी कंपनी कधीच गुंडाळली. "मग राहू दे," गोदू म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात हे "राहू दे" मी तीन-चारदाच ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी ती आतून रडत होती. त्या दुपारी चहा झाल्यावर नेहमीच्या खुर्चीत बसली, हात की-बोर्डवर ठेवला आणि नुसती बसून राहिली. मला बघवेना.

म्हणून उठलो, अलिबागेला गेलो. दुकानदार कुलदीप, सज्जन माणूस. "कुठली रॅम?" "चांगली." "किती जीबीची?" "सगळ्यात मोठी." बायकोसाठी घेताना माणूस मोठीच मागणार ना? आता सांगा, यात माझं काय चुकलं? घरी आणली, खोक्याचं झाकण उघडलं, तर पट्टी बसेना. पट्टीच्या खालच्या काठाला एक खाच असते, आणि बोर्डावर तिच्यासाठी एक दात. माझी खाच दातापासून तीन-चार मिलिमीटर सरकलेली. तीन-चार! अहो, आमच्या वाडीत कुठली वस्तू पहिल्या फटक्यात बसलीय? पंपाचा पाइप असो, रहाटाची खुंटी असो, जरा इकडून घासली, जरा तिकडून ठोकली की बसते. काढली कानस.

आतून गोदूचा आवाज, "अहो, काय घासताय?"

"काही नाही, कोयत्याला धार लावतोय."

"कोयत्याचा आवाज मला कळत नाही होय? ठेवा ते खाली."

ठेवलं. पण तोवर पट्टीवरच्या सोनेरी रेघा निम्म्या गेल्या होत्या, भुगा माझ्या लेंग्यावर. पुन्हा अलिबाग. कुलदीपने ती पट्टी उजेडात धरली, बघितली, पुन्हा बघितली. "काका, हिला काय झालं?" मी म्हटलं, "जरा जमवत होतो." तो म्हणाला, "ही तिसऱ्या पिढीची रॅम, तुमचा बोर्ड दुसऱ्या पिढीचा. खाच मुद्दाम वेगळी ठेवतात, चुकीची बसू नये म्हणून." आता ही भानगड पट्टीवर मराठीत लिहायला काय होतं? सांगा ना, यात माझं काय चुकलं?

मग सलिलला जोर चढला. "बाबा, तुम्ही हात लावू नका, मी मागवतो." मागवली. दुसऱ्या पिढीची, बरोबर. कुरियर आलं, उघडलं, तर पट्टी निम्मीच. लॅपटॉपची! एवढा न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरचे आकडे जुळवणारा माझा मुलगा, त्याला लांबी बघायचं सुचलं नाही. तिकडून फोनवर म्हणतो कसा, "फोटोत मोठी दिसत होती, बाबा." मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

सातवा दिवस. गोदूने जेवताना पट्टीचं विचारणंही सोडलं. शेवटी कुलदीपनेच सुचवलं, जुन्या मालाचं रेवदंड्यात वहाब बघतो, कुवेतला बारा वर्षं हेच काम करून आलाय. गेलो. वहाबने पहिला प्रश्न केला, "काका, जुनी पट्टी आणलीत?"

"ती मशीनमध्ये आहे."

"पंपाचा वायसर आणायला जाता, तेव्हा जुना वायसर नेता की न्हाय?"

"नेतो की."

"मग?"

अहो, एक रुपयाचा वायसर मी कधी जुना नेल्याशिवाय आणला नाही, आणि इथे... बरं, हे मात्र माझं चुकलं. दुसऱ्या दिवशी जुनी पट्टी रुमालात गुंडाळून पुन्हा रेवदंडा. त्याने पट्टीवरची चिठ्ठी वाचली, मी टिपून आणलेला बोर्डाचा नंबर विचारला आणि एक खण उपसला. खाच जुळणाऱ्या तीन निघाल्या. मी म्हटलं, "झालं तर, द्या कुठलीही." तो हसला. "खाच जुळली म्हणजे सगळं जुळलं असं न्हाय, काका. या दोन मोठ्या ऑफिसातल्या मशीनच्या, तुमच्यात चालूच होणार न्हाईत. ही चार जीबीची, तुमच्या बोर्डाला पट्टीच्या एका घरात दोनच जीबी झेपतात. दोन-दोनच्या दोन हव्यात, सारख्या. मिळणं कठीण." आणि सहज विचारलं, "एवढी वणवण कोणासाठी?"

"बायकोसाठी. शाळेत होती इथे. गोदूबाई."

त्याचा हात थांबला. "बाईंची नजर गेली ते ऐकलं होतं," म्हणाला. "वाचायचं मशीन त्यांचं आहे? या अल्ला, पहिल्या दिवशी सांगायचं ना, काका." आणि उठून, दुकानात स्वतःचा जो कॉम्प्युटर चालू होता तोच बंद केला, उघडला आणि त्यातल्या दोन पट्ट्या काढल्या. मी नको-नको म्हणतोय, ऐकतो कुठला? स्कूटरवर मागे मला बसवून नागावला आला.

"बाई, मी वहाब. चौथी ब."

गोदू खुर्चीतून वळली. "वहाब मुकादम? फक्त दहाचा पाढा येणारा?"

"नवाचा न्हाय यायचा, बाई. अजून न्हाय येत."

गोदू हसली हो. आठ दिवसांनी. वहाबने पट्ट्या बसवल्या, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक-टक लागल्या, बटण दाबलं, एकच छोटी शिट्टी आणि कोकिळा म्हणाली, "स्वागत." मी मागीलदारी जाऊन डोळे पुसले. त्या माणसाचे उपकार कसे मानायचे, तुम्हीच सांगा. शहाळी दिली, सोललेली सुपारी दिली, ते काय उपकार फेडणं झालं? अजूनही रोज दिवा लावताना त्याचं नाव निघतं आमच्या घरात.

आता तुम्ही म्हणाल, झालं की छान. छानच झालं. फक्त एक झालं. पूर्वी ते मशीन दमायचं, म्हणून गोदू कोकिळेला सावकाश ठेवायची. आता चौपट ताकद आली ना! गोदूने चार-पाचदा वेगाचं बटण दाबलं, आणि कोकिळा अशी सुटली, कढईत लाह्या फुटाव्यात तशी. म्हणे नजर गेलेली माणसं अशीच ऐकतात, त्यांना सगळं कळतं. गोदूला कळतं, मला एक शब्द नाही. ती मध्येच हसते, मध्येच "अरेरे" म्हणते, आणि मी सुपारी हातात धरून नुसता बघतोय. "गोदू, दिवाणजीचं काय झालं गं?" "थांबा हो, ऐकू द्या."

मग संध्याकाळी मला समोर बसवून सगळी गोष्ट सांगते. पण जन्माची मास्तरीण ती, आधी उत्तर, मग रीत. खुनी कोण ते पहिल्याच वाक्यात सांगून मोकळी होते आणि पुढे तासभर गोष्ट. मी बसतो. काय करणार, पट्टी आणायला मीच गेलो होतो ना.