बफरच्या शेजारचा आकडा

चांद्रमासाच्या पंधराव्या दिवशी मी मांस-मासळी वर्ज्य करते. पेनांगच्या शाकाहारी खानावळीत रांगेत माझ्यापुढे गळ्यात कंपनीचं कार्ड घातलेली दोघं होती.

"स्यू लिंग ताई, पेशंटच्या मॉनिटरवर नाडी आता बरोबर दिसते. पण सिस्टरनं लावलेली धोक्याची मर्यादा मधूनच जुन्या आकड्यावर जाते."

"नाडीचे आकडे थेट मेमरीत उतरतात ना? मग प्रोसेसर कॅशमधली, स्वतःजवळच्या साठ्यातली, जुनी प्रत वाचत बसेल."

"म्हणून ती प्रत मी दर वेळी टाकून देतो."

"एकट्या नाडीची टाकता येत नाही, बून केंग. बत्तीस बाइटचा अख्खा गठ्ठा जातो. नाडीचे आकडे उतरतात त्या बफरला लागून काय ठेवलंयस?"

"ती मर्यादाच."

"मग सिस्टरचा नवा आकडा अजून कॅशमध्येच होता, मेमरीत पोचायच्या आधीच तू फेकलास. बफर बत्तीसच्या हद्दीवर सुरू कर, बत्तीसच्या पटीत संपव. उरलेली जागा रिकामी राहू दे."

"दहा मिनिटांचं काम. जेवून करतो."

"कर. पण हॉस्पिटलला फोन आत्ता लाव. सिस्टर नोराइनीनं मर्यादा लावलीच नव्हती, असं तूच लिहून दिलंस ना?"

"माझी जागा धरशील?"

"धरते. आधी माफी माग, मग बाइट समजाव."