मनाला येईल तसं

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून मला डोळे मिटून बसवलं होतं. शेजारी दोन जावा होत्या. थोरलीच्याही डोळ्यांत थेंब होते, धाकटी सोबतीला आली होती.

"ताई, ताटाखाली घालायची ही मॅट मी शिवलीय. हात लावून बघा."

"शिवण वाकडीतिकडी लागतेय गं हाताला."

"तशीच हवी! तुकडे न मोजता, न आखता, मनाला येईल तसे जोडायचे. त्याचा क्लास लावलाय मी."

"मनाला येईल तसं करायला क्लास?"

"मग! माझी शिवण सरळ यायची. बाईंनी तीनदा उसवायला लावली. आता मी आधी वाकडी रेघ आखूनच घेते."

"आणि एवढ्या चिंध्या कुठून आणल्यास?"

"कपाटात एक टेबलक्लॉथ नुसता पडून होता, त्याच्याच केल्या."

"म्हणजे टेबलावरचं कापड फाडून टेबलावर घालायचे तुकडे शिवलेस."

"जाऊ द्या ताई, तुम्हाला कला नाही कळायची."

"थांब जरा. हे गाठीच्या टाक्याचं फूल माझ्या हातचं आहे. तुझ्या लग्नात दिलेला टेबलक्लॉथ हा. चार महिने डोळे फोडून भरला होता."

"अय्या, तो तुमचा होता?"

"पर्समध्ये कात्री आहे?"

"आहे की. कशाला?"

"माझी फुलं तेवढी कापून घेते."

"अहो, तुम्हाला आत्ता काही दिसत नाहीये!"

"दिसायला कशाला हवं? न मोजता, न आखताच कापायचं ना?"