भैय्याजींच्या नावाची सीट

प्रियदर्शनी : पण टूरचं बुकिंग तर शेजारच्या भैय्याजींच्या नावानं हाये. तुमी इथं कसे, बाबा?

ईश्वरदास : त्याच्याच फोनवरून केलं. माह्या नावानं केलं असतं तर तू सीटच दिली नसती.

प्रियदर्शनी : काहून नसती दिली? स्वतःच्या बापाले गाडीतून उतरवून देईन का मी?

ईश्वरदास : मले काय माहीत. दिवाळीपासून घराचं तोंड पाह्यलं नाही तू.

प्रियदर्शनी : तुमीच म्हटलं होतं ना, नोकरी धर मग ये. टूरवाली म्हणून येऊ नको.

ईश्वरदास : अन् तू काय म्हटलं होतं? तुमच्यासारखा राखेत जलम नाही काढाचा मले. कोराडीच्या पावर प्लांटात हयात गेली माही, पोरी. त्या राखेनंच तुले शिकवलं.

प्रियदर्शनी : रागात बोलली मी.

ईश्वरदास : रागात माणूस मनातलंच बोलते. म्हणून आलो. तुले आमची लाज वाटते का, एवढंच पाहाचं हाये मले. वाटत असंल तर तसं आईले जाऊन सांगतो. रोज वाट पाहणं तरी बंद करंल ते.

प्रियदर्शनी : बाबा, ऐका ना...

ईश्वरदास : बाबा नको म्हणू आता. लोकं येऊन राहिले. मी गिऱ्हाईक हाये, काका म्हण.

प्रियदर्शनी : बरं, काका. पण मागं नका बसू, कंबर धरते तुमची. पुढं बसा.

शोभाताई : आम्हीच शेवटी आलो का बाप्पा? या माझ्या विहीणबाई, पुण्याच्या. मी ही टूर मागच्या महिन्यातच केली, पण म्हटलं यांना दाखवलंच पाहिजे. आणि हे कोण?

प्रियदर्शनी : हे... काका. आज पहिल्यांदाच आले.

शोभाताई : मग काका, माझं ऐका. या पोरीचं एक वाक्य सोडू नका. आणि पोह्यांवरचा तो तर्रीचा रस्सा जपून घ्या हो विहीणबाई, तुमच्याकडच्या पोह्यांसारखं नसतं इथं.

प्रियदर्शनी : चला मंडळी. मोजकेच आहोत, त्यामुळे हरवायची भीती नाही. आधी झिरो माइलचा स्तंभ आणि किल्ला, मग महालातल्या जुन्या गल्ल्या. चितारओळीत मूर्तीवाल्यांकडे थोडं थांबू, मग पोहे, आणि शेवटी टेकडीवर जाऊ. काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा.

ईश्वरदास : मॅडम, एक विचाराचं होतं.

प्रियदर्शनी : विचारा, काका.

ईश्वरदास : सकाळी काही खाल्लं का तुमी?

शोभाताई : घ्या. आम्ही किल्ल्याबद्दल विचारणार, हे तिच्या नाश्त्याबद्दल.

ईश्वरदास : गालफडं बसले म्हणून विचारलं.

प्रियदर्शनी : खाल्लं, काका. बेल्ट लावा.

(टेकडीवर. ऊन चढलेलं. शहर पाहून झालं आहे.)

प्रियदर्शनी : ...तर हा फुटाळा तलाव, आणि तिकडे आपण आलो ते महाल. बस, एवढंच. बसा गाडीत, ऊन लागतंय.

शोभाताई : एवढंच कसं? चिमण्या राहिल्या की.

प्रियदर्शनी : आज राहू द्या, शोभाताई.

शोभाताई : राहू काय द्या? त्याच्यासाठी तर विहीणबाईंना इथवर चढवलं मी. मागच्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

ईश्वरदास : कोणत्या चिमण्या?

शोभाताई : त्या बघा उत्तरेला, धूर दिसतोय. कोराडीच्या. हिचे वडील होते ना तिथे कामाला. प्रत्येक टूर ती तिथेच संपवते.

ईश्वरदास : प्रत्येक?

शोभाताई : तिच्या ड्रायव्हरला विचारा. पाठ झालंय त्याला.

ईश्वरदास : मग सांगा ना, मॅडम. आमीबी पैसे भरले.

प्रियदर्शनी : ...दिवाळीच्या खरेदीला बाबा मला कोराडीहून बसनं महालात आणायचे. आमच्याकडे दोरीवरच्या कपड्यांवर राख बसायची, आई तेच कपडे पुन्हा धुवायची. आणि इथे बडकस चौकात एवढी रोषणाई, की मी जागची हलेना. विचारलं, बाबा, एवढा लाइट कुठून येते? तर म्हणे, आपल्या घराजवळून. मी सरळ मिठाईच्या दुकानात शिरली आणि शेटजींना म्हटलं, हा लाइट माह्या बाबानं पाठवला. शेटजींनी माझ्या हातावर बर्फी ठेवली. म्हणून मी लोकांना सांगते, किल्ला पाहा, तलाव पाहा, पण रात्री हॉटेलात बटण दाबाल तेव्हा त्या चिमण्या आठवा. माझे बाबा आहेत तिथे.

ईश्वरदास : बर्फी नव्हती ते. पेढा होता.

प्रियदर्शनी : बर्फी होती.

ईश्वरदास : पेढा. अर्धा खाल्ला, अन् अर्धा आईसाठी म्हणून बापाच्या खिशात कोंबला. शर्टाचा डाग गेलाच नाही.

शोभाताई : तुम्हाला हो कसं ठाऊक, काका?

ईश्वरदास : मीबी कोराडीचाच. एकाच पाळीत होतो आमी, मी अन् हिचा बाप. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर आला अन् ज्याले त्याले पकडून हेच, माही पोरगी असं म्हणे. रिटायर झाला तवा भाषण कराले उभा केला, तिथंबी हेच सांगितलं. दुसरं काही सुचलंच नाही त्याले.

प्रियदर्शनी : मला कधी बोलले नाहीत ते.

ईश्वरदास : घरी नाही बोलत तो. घरी नुसता ओरडते. भेव वाटते त्याले, पोरगी रस्त्यानं फिरते, कसं होईन तिचं. भेव सांगता येत नाही, म्हणून ओरडते.

शोभाताई : मग आणा ना त्यांना एकदा. ही पोरगी इथे उभी राहून त्यांच्याबद्दल एवढं बोलते, त्यांना कळायला नको?

ईश्वरदास : कळलं त्याले.

शोभाताई : ...अगं बाई. चला हो विहीणबाई, आपण गाडीत बसू. यांना येऊ द्या सावकाश.

प्रियदर्शनी : हात द्या, काका. उतार हाये.

ईश्वरदास : मले बर्डीच्या बस स्टॉपवर सोडून दे. तिथून कोराडीची बस भेटते.

प्रियदर्शनी : बसनं काहून? सगळ्यांना सोडलं की मलेही तिकडंच जाचं हाये.

ईश्वरदास : थांब मग, फोन लावतो... हॅलो, वच्छला. मी बोलून राहिलो. तांदूळ जरा जास्त टाकजो. नाही वं, पाहुणे नाही. घरचंच माणूस हाये.